घाटावरून गेलेले टपाल : एअर इंडियाच्या जन्मकाळाचा विचार

मुंबई आणि बेळ्ळारी या दोन गावांना जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती लोणावळ्याच्या दक्षिणेस सह्याद्रीचा माथा ओलांडते, वाई आणि लोणंद यांच्या मधून सातारा जिल्ह्यात शिरते, खटावावरून पुढे सरकते, विटा आणि आटपाडी यांच्यामधल्या माळावरून जाते आणि जतला डावीकडे ठेवून कर्नाटकात उतरते. ऑक्टोबर १९३२ मध्ये टाटांची विमान टपालसेवा कराची–अहमदाबाद–मुंबई–बेळ्ळारी–मद्रास या मार्गावर सुरू झाली, तेव्हा तिच्या मुंबईपासूनच्या पहिल्या सहाशे किलोमीटरांची दिशा ही अशी होती. त्या वेळी सांगली नावाचा जिल्हा नव्हता. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. १९३२ साली खाली होता तो ब्रिटिश मुलखातला सातारा जिल्हा, आणि त्यात गुंतलेली औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थाने. आपल्या डोक्यावरून गेलेल्या या सेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. म्हणून या दोन जिल्ह्यांच्या वाचकांसाठी निघणाऱ्या स्मरणिकेत त्या संस्थेचा पूर्वेतिहास मांडताना तो इथल्या जमिनीवरून पाहणे मला योग्य वाटते. तसा पाहिला की एक गोष्ट ठळक दिसते आणि या लेखात मला तीच सिद्ध करायची आहे : लांब पल्ल्याची प्रवासी विमानसेवा विमानाने किंवा वैमानिकाच्या धाडसाने उभी राहत नाही. ती उभी राहते वाटेवरच्या ठाण्यांनी, त्या ठाण्यांवर दररोज होणाऱ्या कामाने, आणि प्रवासी येईपर्यंत तो खर्च सोसणाऱ्या टपालाने.

या विधानाची खरी परीक्षा आपल्याकडे होत नाही. कराची ते मद्रास हा मार्ग कितीही कठीण असला तरी त्याच्या खाली जमीन होती. इंजिन बंद पडले तर एखाद्या शेतात उतरता येण्याची आशा होती. म्हणून आधी प्रशांत महासागराकडे पाहू, कारण तिथे ही आशा शून्य होती. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू हे अंतर सुमारे ३,८५० किलोमीटर असून मध्ये दगडसुद्धा नाही. ऑगस्ट १९२७ मध्ये ओकलंड ते हवाई अशी विमानांची शर्यत ठेवली गेली. अननसाच्या धंद्यातले जेम्स डोल यांनी तिला बक्षीस लावले होते. त्या शर्यतीत आणि तिच्या तयारीत अनेक माणसे दगावली आणि दोनच विमाने हवाईला पोहोचली. पुढच्याच वर्षी, मे-जून १९२८ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ यांनी तीन सोबत्यांसह ओकलंडहून हवाई आणि फिजी करत ब्रिस्बेन गाठले. म्हणजे प्रशांत महासागर विमानाने ओलांडता येतो हे १९२८ साली सिद्ध झालेच होते. तरीही तिकीट काढून महासागरापलीकडे जाणारा पहिला प्रवासी १९३६ साली निघाला. विमान आणि धाडस एवढ्यावर काम भागत असते, तर मधली आठ वर्षे कशात गेली, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

ती आठ वर्षे प्रामुख्याने ठाण्यांच्या शोधात आणि बांधणीत गेली. पॅन अमेरिकन एअरवेज ही कंपनी १९२७ साली फ्लोरिडातील की वेस्ट ते हवाना एवढ्या छोट्या टपालमार्गावर सुरू झाली होती. तिचे प्रमुख हुआन ट्रिप यांना आशिया गाठायचा होता. अलास्का आणि सायबेरियाच्या कडेने जाणारा उत्तरेचा मार्ग अंतराने कमी होता आणि १९३१ साली चार्ल्स व ॲन लिंडबर्ग यांनी त्या बाजूची पाहणीही केली. पण हवामान आणि राजकारण या दोन्ही अडचणींमुळे तो मागे पडला. उरला मधला मार्ग : हवाई, मिडवे, वेक, ग्वाम, मनिला. त्यात वेक हे निर्जन प्रवाळबेट होते आणि तिथे गोड्या पाण्याचा झरासुद्धा नव्हता. मार्च १९३५ मध्ये नॉर्थ हेवन नावाचे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. त्यात विमाने नव्हती. होते ते बांधकामाचे सामान, वीजयंत्रे, इंधन, बिनतारी यंत्रणा, अन्नधान्य आणि शंभरावर माणसे. वेकच्या खाजणात पाण्याखाली उभे असलेले प्रवाळाचे सुळके सुरुंगाने फोडावे लागले, कारण पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या तळाला एक सुळका पुरेसा होता. दिशा दाखवणारी बिनतारी यंत्रणा ह्यूगो ल्यूटरिट्झ यांनी विकसित केली होती. बेटावरच्या केंद्राला विमानाचा संदेश कोणत्या दिशेने येतो हे कळे आणि ते वैमानिकाला कळवले जाई. वेकवर भाजी उगवायला माती नव्हती, म्हणून मातीविना, क्षार मिसळलेल्या पाण्यात भाजी पिकवण्याचा प्रयोग केला गेला. मिडवे आणि वेकवर प्रवाशांसाठी छोटी हॉटेले उभारली, त्यांचे सुटे भागही जहाजानेच नेले. एका विमानाला रात्री विसावता यावे म्हणून एवढा खटाटोप झाला.

२२ नोव्हेंबर १९३५ रोजी एडविन म्युझिक यांच्या हाताखाली चायना क्लिपर हे जलविमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि २९ तारखेला मनिलाला पोहोचले. त्यात एक लाखाहून जास्त पत्रे होती आणि एकही प्रवासी नव्हता. पुढे अकरा महिने फक्त टपाल वाहिले गेले. २१ ऑक्टोबर १९३६ ला हवाई क्लिपर पहिल्यांदा तिकीटधारी प्रवाशांना घेऊन निघाले. मनिलापर्यंत एका वेळचे भाडे ७९९ डॉलर होते. त्या काळात अमेरिकेत साधी फोर्ड मोटार याहून कमी पैशात येई. सुमारे साठ तासांचे प्रत्यक्ष उड्डाण सहा दिवसांत विभागलेले असे. प्रवासी रोज संध्याकाळी बेटावर उतरे, आंघोळ करून जेवे, पलंगावर झोपे आणि पहाटे पुढे निघे. टपालाचा क्रम आधी आणि प्रवाशाचा नंतर, हा योगायोग मी मानत नाही. टपालाची पिशवी घाबरत नाही, तिला हॉटेल लागत नाही आणि तिचे पैसे ठरलेल्या दराने सरकार देते. त्या अकरा महिन्यांत मार्ग वेळापत्रकाप्रमाणे चालतो की नाही, हे पिशव्यांच्या जिवावर तपासले गेले.

यावर पहिला आक्षेप यंत्रज्ञ घेतील, आणि तो वजनदार आहे. मार्टिन कंपनीचे एम-१३० हे चार इंजिनांचे जलविमान नसते, तर मिडवे आणि वेकवर कितीही हॉटेले बांधून काय उपयोग होता? होनोलुलूचा पहिला टप्पा कोणत्याही ठाण्याने तोडता येत नव्हता, तिथे पल्लाच हवा होता. हे मला मान्य आहे. एप्रिल १९३५ मध्ये म्युझिक यांनी आधीच्या सिकोर्स्की विमानाने होनोलुलूपर्यंत पाहणीचे उड्डाण केले, तेव्हा परतीला समोरून वारा लागला. विमान हवेत तेवीस तासांहून अधिक राहिले आणि टाक्या जवळजवळ कोरड्या पडल्यावर किनाऱ्याला लागले. विमान अपुरे असेल तर काय होते, याचा तो पुरावा आहे. पण नीट पाहिले तर तोच प्रसंग दुसरीही गोष्ट सांगतो. वाऱ्याचा अंदाज चुकला होता, म्हणजे हवामानाची नोंद अपुरी होती. आणि भरकटूनही विमान सापडले ते जमिनीवरून दिशा मिळत राहिली म्हणून. शिवाय एम-१३० आल्यावरही त्या लांब टप्प्यावर इंधनालाच इतकी जागा लागे, की अनेकदा दहाहून कमी प्रवासी नेता येत. विमानाने मार्ग शक्य केला, पण त्यातून प्रवाशांची सेवा परवडू लागली असे झाले नाही. परवडवले ते टपालाने.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ज्या बेटांचे मी गुणगान करतो आहे, ती सगळी अमेरिकेच्या ताब्यातली होती. वेक १९३४ च्या अखेरीस अमेरिकी आरमाराच्या ताब्यात दिले गेले, आणि जपान समोर असताना त्या ठाण्यांमागे केवळ पत्रांची काळजी नव्हती. टपालाचा ठेका हा सरकारी पैसाच होता. मग ही व्यापारी कंपनीची कर्तबगारी म्हणायची की साम्राज्याची सोय? दोन्ही, असे उत्तर द्यावे लागते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने वेकवर बॉम्ब टाकले, तेव्हा पॅन अमेरिकनचे फिलिपीन क्लिपर तिथेच होते आणि जेमतेम निसटले. बेट मात्र पडले आणि त्याबरोबर तो मार्ग संपला. ठाणे गेले की विमाने शाबूत असूनही सेवा उरत नाही. ठाणी पुरेशी असतात असाही माझा दावा नाही : जुलै १९३८ मध्ये ग्वाम आणि मनिला यांच्या दरम्यान हवाई क्लिपर पंधरा माणसांसह नाहीसे झाले आणि त्याचा मागमूस लागला नाही. सगळी यंत्रणा जागेवर असूनही हे घडले. त्या माणसांचा हिशेब या इतिहासात धरायलाच हवा.

आता घाटाकडे परत येऊ. साम्राज्याची सोय हाच लांब पल्ल्याच्या सेवेचा पाया असेल, तर टाटांची सेवा उभीच राहायला नको होती. रॉयल एअर फोर्समधून निवृत्त झालेले नेव्हिल व्हिन्सेंट यांनी १९२९ साली ही योजना जे.आर.डी. टाटांपुढे मांडली. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीचे टपाल कराचीपर्यंत येई. तिथून दक्षिणेकडे ते विमानाने न्यावे, अशी ती कल्पना. टाटा सन्सने दोन लाख रुपये घातले. सरकारकडे अनुदान मागितले ते मिळाले नाही. अखेर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला तो वाहिलेल्या टपालाच्या वजनावर पैसे, एवढ्याच अटीवर. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी जे.आर.डी. कराचीच्या ड्रिघ रोड तळावरून पुस मॉथ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून निघाले. अहमदाबादला इंधन भरले. ते डब्यांतून बैलगाडीवर आणलेले होते. दुपारी ते जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट पिशव्या घेऊन बेळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. रात्री उतरण्याचे दिवे कुठे नव्हते. सगळा कारभार दोन जुनी विमाने, व्हिन्सेंट आणि आणखी एखादा वैमानिक, आणि मूठभर कारागीर यांवर चालला होता. पॅन अमेरिकनच्या नॉर्थ हेवन जहाजाशेजारी हे ठेवले तर दारिद्र्यच दिसते.

पण दारिद्र्यातही शिस्त जमिनीवरचीच होती, आणि ती सर्वांत स्पष्ट पावसाळ्यात दिसते. जुहूचे मैदान समुद्राच्या भरतीपातळीलगत. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. म्हणून पावसाळ्याचे महिने टाटांनी आपला तळच उचलून पुण्याला येरवड्याच्या मैदानावर नेला. वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवायचे, पण फेरी चुकवायची नाही, हा तो निर्णय. त्या मोसमात सह्याद्रीच्या फांद्यांवर ढग खाली उतरलेले असतात. महाबळेश्वरला ज्यांनी जुलै पाहिला आहे त्यांना, बिनतारी यंत्र नसलेल्या लाकूड-कापडाच्या आणि नळ्यांच्या विमानाने या मुलखात वाट काढणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. तरीही पहिल्या वर्षभरात, पश्चिम घाटाचा टप्पा धरून, एकाही पिशवीची कराचीची गाठ चुकली नाही. सरकारी विमान खात्याने या वक्तशीरपणाची खास दखल घेतली होती. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आले होते, हीही गोष्ट मला या संदर्भात महत्त्वाची वाटते. या मुलखातल्या पावसाचा अभ्यास करणारी संस्था याच मुलखात येणे, ही एक प्रकारे मार्गाचीच बांधणी होती. वैमानिक कुशल होते यात शंका नाही. पण कुशल वैमानिक रोज वेळेवर पोहोचतो तेव्हा त्याच्यामागे कोणीतरी तळ हलवलेला असतो, इंधनाचे डबे आधी पोहोचवलेले असतात, टपालगाडी धक्क्यावर उभी असते.

पहिल्या वर्षात टाटांच्या विमानांनी १,६०,००० मैल उड्डाण केले, जवळजवळ दहा टन टपाल नेले, आणि प्रवासी नेले १५५. साठ हजार रुपये नफा झाला. १५५ हा आकडा पुन्हा वाचावा. वर्षभरात एका एस.टी.च्या तीन फेऱ्यांत मावतील एवढी माणसे! ज्या संस्थेला आपण प्रवासी विमानसेवेची जननी म्हणतो, ती पहिल्या वर्षी वस्तुतः डाकवाली होती. उतारू हा टपालाच्या पिशव्यांशेजारी उरलेल्या जागेत बसणारा पाहुणा होता. प्रशांत महासागरावर अकरा महिने जे झाले, तेच इथे सह्याद्रीवर काही वर्षे चालले. १९३८ साली साम्राज्यभर पत्रे विमानाने नेण्याची योजना आली आणि टपालाचे वजन वाढले, तशी मोठी विमाने घेणे परवडू लागले. मोठी विमाने आली तेव्हा त्यांत खुर्च्या आल्या. १९४६ साली टाटा एअरलाइन्सची एअर-इंडिया ही सार्वजनिक कंपनी झाली. ८ जून १९४८ च्या रात्री एअर-इंडिया इंटरनॅशनलचे मलबार प्रिन्सेस मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते. त्या रात्रीला आपण आरंभ म्हणतो. मला ती सोळा वर्षांच्या डाकेची परिणती वाटते. १९४९ साली सुरू झालेली रात्रीची विमान डाकही याच परंपरेतली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही बाजूंनी विमाने मध्यरात्री नागपूरला येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटे आपापल्या गावी परतत.

मिरज जंक्शन ज्यांनी पाहिले आहे त्यांना नागपूरचे महत्त्व चटकन कळेल. एके काळी मिरजेत तीन रुंदीचे रूळ एकत्र येत, आणि गाडी कोणतीही असो, माल आणि माणूस तिथे उतरून दुसऱ्या गाडीत चढे. मिरजेला मोठेपण आले ते फलाट, हमाल, पाणी, कोळसा आणि वेळापत्रकामुळे. रूळ नुसते गावावरून गेले असते तर मिरज हे गाडी न थांबणारे गाव राहिले असते. १९३२ च्या विमानाच्या बाबतीत आपला मुलूख नेमका तसा राहिला. विमान खटाव-खानापुरावरून गेले, पण इथल्या पत्त्याचे पत्र त्यात नव्हते. ते मुंबईला उतरून रात्रीच्या आगगाडीने येणार होते. शेजारच्या कोल्हापुरात राजाराम महाराजांच्या काळात, तिसाव्या दशकाच्या अखेरीस, विमानतळ झाला. इथे पन्नासाव्या दशकात कोयना प्रकल्पाच्या कामासाठी कराडजवळ वारुंजीला धावपट्टी झाली आणि सांगलीजवळ कवलापूरची धावपट्टी आहे. दोन्ही ठिकाणी जमीन आहे, पट्टी आहे. ठरल्या वेळी येणारे विमान मात्र नाही, आणि माझ्या मते कारण तेच : पट्टी बांधली गेली, ठाणे बांधले गेले नाही. कोयनेचे साहेब आणि मंत्री यांच्या सोयीची पट्टी ही एका कामाची पट्टी असते. काम संपले की तिच्यावर रोज कोणी हवामान नोंदत नाही आणि इंधनाची टाकी ठेवत नाही.

इथे व्यवहारी माणूस म्हणेल : प्रवासीच नसतील तर ठाणे कशाला? पण मागणी नाही हे म्हणणे या भागाला लागू पडत नाही. खानापूर-आटपाडीची गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली कुटुंबे देशभरच्या शहरांत पसरलेली आहेत. मिरजेच्या दवाखान्यांत दूरदूरचे रुग्ण येतात. सांगलीची हळद देशोदेशी जाते. आणि १९३५ साली वेकवर तर एकही प्रवासी राहत नव्हता. मागणी ठाण्याच्या गावात मोजायची नसते, ती मार्गाच्या दोन्ही टोकांना असते. कोल्हापूरची नियमित सेवा अनेक वर्षे खंडित राहिली आणि २०१८ साली उडान योजनेच्या आधाराने पुन्हा सुरू झाली, तेव्हा सांगलीचे लोक तिकडे जाऊ लागले. पत्रांच्या काळात जे काम टपालाच्या दराने केले ते आता सरकारी भरपाईने केले, एवढाच फरक. एअर इंडियाने स्वतः प्रशांत महासागर खऱ्या अर्थाने ओलांडला तो ऑक्टोबर २०१६ मध्ये, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सुमारे १५,३०० किलोमीटरचे अंतर मध्ये कुठेही न थांबता. टोकियो, सिडनी हे पश्चिमेचे काठ तिने पन्नासाव्या दशकातच गाठले होते. विनाथांबा उड्डाण पाहून ठाण्यांचे युग संपले असे कोणी म्हणेल, तर त्याने त्या उड्डाणाच्या मार्गावर कोणकोणते विमानतळ अडचणीच्या वेळी उतरण्यासाठी आधी ठरवून ठेवावे लागतात ते विचारावे.

माझ्या युक्तिवादाची एक मर्यादा मात्र मला मान्य केली पाहिजे, आणि ती कराडनेच दाखवली. वेक निर्जन होते. प्रवाळ फोडले तेव्हा कोणाचे पीक गेले नाही. वारुंजी, मुंढे, केसे ही गावे कृष्णा-कोयनेच्या काठची. तिथे धावपट्टी वाढवायची म्हटल्यावर शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण जमीन बागायती आहे आणि उसाची आहे. ठाणे लागते असे म्हणणाऱ्याने कोणाच्या शेतात लागते याचेही उत्तर द्यायला हवे. मला वाटते, ज्या माळावरून १९३२ चे टपाल गेले तो विटा-आटपाडीकडचा दुष्काळी पट्टा या प्रश्नाच्या चर्चेत कधी गंभीरपणे घेतला गेला नाही. कराड आणि कवलापूर या दोन नावांपाशीच ती अडते. तिकडे जमीन आहे, आणि देशभर ये-जा करणारी माणसेही तिकडचीच आहेत.